टर्बो रोटरीला प्लग कुठला घालायचा? आरएक्स हंड्रेडवाल्यांना पटकन कळेल असं सांगतो

कोल्हापुरात रोटरी इंजिनची गाडी किती हो? मी तरी एक पण बघितली नाही. मग हे कशाला लिहितोय, तर आमचा मावसभाऊ शारजात असतो, त्यानं तिकडं माझदा आरएक्स-७ घेतली, एफडी मॉडेल, ९३ची, आणि घेतल्यापासून तिच्यातले स्पार्क प्लग काढून फोटो काढतो आणि मला पाठवतो. मी इकडं उद्यमनगरात काकांच्या गॅरेजमध्ये चहा पीत ते झूम करून बघतो. मधे एकदा जाऊन पंधरा दिवस हात पण घाण करून आलो. गेल्या दोन वर्षांत यातून जे काय कळलं ते एका जागी लिहून ठेवतोय, कारण आपली बरीच पोरं आखाती देशात, ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडला आहेत, तिकडं या गाड्या मिळतात आणि पोरगं कोल्हापूरचं म्हटल्यावर टर्बोचा बूस्ट, म्हणजे इंजिनात हवा कोंबायचा दाब, वाढवल्याशिवाय गप्प बसणार नाही.

भावानं पहिला प्रश्न काय विचारला असेल? "दादा, इरिडियम घालू का?" म्हणजे इरिडियम धातूच्या बारीक टोकाचा महागाचा प्लग. सगळे हेच विचारतात. मी म्हटलं ते राहू दे, आधी आता आत कुठल्या नंबरचा प्लग आहे ते सांग. त्याला माहीतच नव्हतं. गाडीवर कंपनीचे दोन छोटे टर्बो काढून एक मोठा बसवलेला, पुढं मोठा इंटरकूलर, इंजेक्टर मोठे, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर वेगळा, आणि प्लग? कंपनीतून निघताना जो नंबर होता तोच.

आता रोटरी म्हणजे काय ते थोडक्यात, कारण त्याशिवाय पुढचं डोक्यात बसणार नाही. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराची पोकळी असते, मधे थोडी दबलेली, तिला हाउसिंग म्हणायचं, आणि तिच्यात फुगीर त्रिकोणासारखा रोटर फिरतो. आरएक्स-७ मध्ये असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, म्हणजे १३०८ सीसी. रोटरच्या तीन टोकांना पट्ट्या असतात, एपेक्स सील, त्या हाउसिंगच्या भिंतीवर घासत फिरतात. रोटरीचा जीव या पट्ट्यांत. त्या तुटल्या की इंजिन खोला.

प्रत्येक रोटरला दोन प्लग, एक वर एक खाली. खालचा लीडिंग, तो आधी ठिणगी देतो आणि जास्तीत जास्त काम तोच करतो. वरचा ट्रेलिंग, तो थोडा मागनं येतो. हाउसिंगवर प्लगच्या भोकाजवळ एल आणि टी अशी अक्षरं ओतीवच असतात. शिरोलीतल्या फौंड्रीवाल्या दोस्ताला फोटो दाखवला तर तो इंजिन सोडून त्या अक्षरांचं कास्टिंग किती स्वच्छ आलंय तेच बघत बसला. असो. वरच्या ट्रेलिंगचं आतलं भोक मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं, कारण एपेक्स सील त्या भोकावरनं जाताना एका बाजूचा दाब दुसऱ्या बाजूला निसटतो.

आता आरएक्स हंड्रेडवाल्यांनी, म्हणजे यामाहाच्या त्या टू स्ट्रोक बाइकवाल्यांनी, कान इकडं करा. फोर स्ट्रोकमध्ये प्लगला एक फेरी काम, एक फेरी आराम. टू स्ट्रोकमध्ये आराम नाही, दर फेरीला ठिणगी. रोटरीत पण तसंच, मधला शाफ्ट एक फेरी फिरला की प्रत्येक रोटरमध्ये एकदा स्फोट. ७५०० आरपीएमला सेकंदाला १२५ वेळा. फोर स्ट्रोकला त्याच आरपीएमला ६२-६३ वेळा. आणि दुसरं, टू स्ट्रोकसारखं रोटरी पण ऑइल जाळते, एपेक्स सीलला वंगण म्हणून कंपनीच थोडं थोडं ऑइल आत सोडते, वर कित्येक जण पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळतात ते वेगळंच. म्हणजे प्लगच्या नशिबी टू स्ट्रोकचा सगळा जाच आला, काजळी पण आली आणि उष्णता पण आली. वरनं रोटरीत अजून एक गंमत अशी की पेट्रोल-हवेचं गार मिश्रण आत येतं ते हाउसिंगच्या एका बाजूला आणि जळतं दुसऱ्या बाजूला. पिस्टनच्या इंजिनात ज्या जागी जाळ होतो तिथंच पुढच्या खेपेला गार हवा येऊन प्लगला जरा दिलासा मिळतो. इथं मिश्रण प्लगपाशी येईपर्यंत दाबून तापलेलं असतं. चुलीपुढं कायम बसलेल्या माणसासारखी गत. त्यात टर्बो लावला, बूस्ट वाढवला, की बघायलाच नको, जाळ अन् धूर संगटच.

म्हणून ब्रँड, इरिडियम, प्लॅटिनम हे सगळं नंतर. पहिलं बघायचं ते प्लगची हीट रेंज.

हीट रेंज म्हणजे ठिणगी गरम की थंड असलं काही नाही, हा गैरसमज लई जणांचा आहे. प्लगच्या टोकाला जी पांढरी पोर्सेलिन असते ती आत लांब असली की टोकाची उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, टोक तापतं, तो हॉट प्लग. ती आखूड असली की उष्णता पटकन हाउसिंगमध्ये जाते, तो कोल्ड प्लग. टोकाचं तापमान साधारण ४५० अंशाच्या खाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, साचते आणि प्लग शॉर्ट होतो. साधारण ८५०च्या वर गेलं तर ठिणगीच्या आधीच टोकाच्या लालबुंदपणानं मिश्रण पेट घेतं, आणि टर्बो रोटरीत असं झालं की एपेक्स सील गेलीच समजा. पिस्टनचं इंजिन थोडं ठोकतं, आवाज करतं, तुम्हाला सावध व्हायला वेळ देतं. रोटरी देत नाही. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी.

आता नंबर. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलटं, आकडा मोठा म्हणजे गरम. आपल्याकडं मायकोच्या प्लगवर वाढलेली जुनी मिस्त्री मंडळी इथंच फसतात, कारण मायको म्हणजे बॉशचीच पद्धत. डेन्सोचा आकडा एनजीकेशी सरळ जुळत नाही, २२ म्हणजे एनजीकेचा ७, २७ म्हणजे ९, ३१ म्हणजे १०, ३४ म्हणजे ११ असं धरायचं. एनजीकेच्या हिशोबानं एक पायरी बदलली की टोकाच्या तापमानात ७० ते १०० अंशाचा फरक पडतो, आणि ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढली की एक पायरी थंड जायचं असा एक ढोबळ नियम आहे. नियम पिस्टनवाल्यांना जास्त लागू पडतो, पण सुरुवात करायला बरा आहे.

एफडीला कंपनीतून लीडिंगला ७ नंबर, ट्रेलिंगला ९ नंबर येतो. एनजीकेचे बीयूआर७ईक्यू आणि बीयूआर९ईक्यू. लीडिंग गरम का, तर स्टार्टिंगचा आणि आयडलचा सगळा भार त्याच्यावर, तो काळा पडला की गाडी चालूच होत नाही. हा हिशोब कंपनीच्या २५५ हॉर्सपॉवरचा आहे आणि गाडी ऑफिसला न्यायची, बाजारात न्यायची असं धरून केलेला आहे.

मी भावाला जे सांगितलं ते असं. नुसता एक्झॉस्ट आणि फिल्टर बदललाय, बूस्ट कंपनीचाच आहे, तर ७ आणि ९ ठेवले तरी चालतंय, चारी ठिकाणी ९ घातले तर अजून झोप चांगली लागेल. सिंगल टर्बो, एक बारच्या आसपास बूस्ट, साडेतीनशे-चारशे हॉर्सपॉवर, तर लीडिंगचा ७ आजच्या आज काढून फेकायचा, चारी ९. त्याच्या वर गेलात, गाडी ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं दामटणार असाल, तर १० किंवा साडेदहा. पाचशेच्या पुढं लोक ११, साडेअकरा घालतात, एनजीकेचा आर६७२५ नावाचा रेसिंग प्लग त्यासाठीच प्रसिद्ध, डेन्सोचा आयआरई०१ पण आहे. पण साडेअकरा घालून जर तुम्ही सिग्नलला उभं राहणार असाल, तर आठवड्यात प्लग ओले होऊन गाडी ढकलायची वेळ येणार. भावानं ही चूक केली. चारशेची गाडी, कुणीतरी सांगितलं म्हणून साडेअकरा घातले, रमजानमध्ये इफ्तारच्या टायमाला तासभर ट्रॅफिकमध्ये अडकला आणि मागचा रोटर बंद. एका रोटरवर फडफडत घरी.

मधल्या नंबरात अडकलात, ९ की १० कळत नाहीये, तर थंडकडं झुका. ओला झालेला प्लग बदलायला पंधरा मिनिटं लागतात, एपेक्स सील बदलायला इंजिन उतरावं लागतं.

ज्याला परवडतं त्यानं दोन सेट ठेवावेत, एक गावात फिरायचा आणि एक ट्रॅकचा. ट्रॅकला पोचल्यावर बदलायचे, परत येताना परत बदलायचे. तालमीतले कपडे वेगळे आणि लग्नातले वेगळे, तसं.

आता इरिडियमचं. खरं सांगू का, मॉडिफाय गाडीत ट्यून, म्हणजे पेट्रोल-ठिणगीचं सेटिंग, अजून पक्कं झालेलं नसताना महागाचा प्लग घालण्यात अर्थ नाही. बारीक टोकाला ठिणगी पडायला व्होल्टेज कमी लागतं हे खरं, बूस्टमध्ये त्याचा फायदा होतो हे पण खरं. पण रोटरीत ऑइलनं, जास्तीच्या पेट्रोलनं प्लग असाही मरतोच, आणि मिश्रण ठोकलं तर ते बारीक टोक आधी तुटणार. साधे प्लग, ज्यांना दुकानदार कॉपर म्हणतो, ते घ्या आणि लवकर लवकर बदला. कॉपर तर फक्त आतली कांडी असते, टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं, पण नाव पडलंय. आम्ही दर ३००० किलोमीटरला बदलतो, ट्रॅकच्या दोन दिवसांनंतर तर न बघताच. ट्यून एकदा बसलं, वर्षभर काही बदललं नाही, की मग घाला इरिडियम, कोण नको म्हणतंय.

पिस्टनच्या गाडीचा कुठलाही चौदा एमएमचा प्लग उचलून रोटरीत घालू नका, आट्या बसल्या म्हणजे प्लग बसला असं नाही. ज्याचं टोक पुढं आलेलं असतं तो आत जास्त शिरला तर एपेक्स सील येऊन त्याच्यावर आदळेल. टोक हाउसिंगच्या भिंतीच्या आतच राहिलं पाहिजे. आरएक्स-८चे प्लग वेगळे, एफडीचे वेगळे, नाव रोटरी असलं म्हणून एकमेकात घालायचे नाहीत. आणि प्लगच्या नावात आर अक्षर आहे का बघा, म्हणजे रेझिस्टरवाला, नाहीतर ठिणगीचा इलेक्ट्रिकल गोंधळ सेन्सरच्या वायरीत शिरतो आणि ईसीयू बावचळतो, मग ट्यूनरला शिव्या घालत बसाल आणि दोष असेल प्लगचा. गॅप? रोटरीच्या चार दाढांच्या (कडेनं चार टोकं असलेल्या) प्लगचा गॅप ठोकून कमीजास्त करायचा नसतो. बूस्टमध्ये वर आरपीएमला गाडी फटफट करत असेल तर आधी कॉइल, वायरी बघा. दाब वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं आणि तीस वर्षांची कॉइल किती देणार?

डुप्लिकेटचा एक किस्सा सांगतोच. मी इथनं ऑनलाइन चार प्लग मागवले होते, भाव बघून हरखलो होतो, भाऊ सुट्टीवर आलेला त्याच्याबरोबर पाठवायचे म्हणून. खोकं हातात घेतल्यावरच कळलं काहीतरी गडबड आहे. छपाई जरा फुटलेली, पोर्सेलिनवरची अक्षरं नखानं निघत होती आणि वॉशर हातानं फिरवला तर आट्यांवरनं सुळकन बाहेर आला. खऱ्या प्लगचा वॉशर असा सहज निघत नाही. विकणाऱ्यानं पैसे परत दिले नाहीत, चारही प्लग काकांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून पडलेत.

नवे प्लग घालायच्या आधी एक काम फुकटात होतं ते करा. खालचे दोन लीडिंग प्लग काढा, पेट्रोल आणि ठिणगी बंद करा, मग एका वेळी एकाच रोटरचं लीडिंगचं भोक उघडं ठेवून स्टार्टर मारा आणि ऐका. फुस, फुस, फुस, एकसारखे आवाज आले पाहिजेत, रोटरच्या तीन बाजूंचे तीन. एखादा फुस्स दबका आला, किंवा फुस, फुस, आणि मग गप्प, तर थंड प्लग घालून काही उपयोग नाही, तिथली सील गेलेली आहे. भावाच्या आधीच्या इंजिनात हेच झालं होतं, बूस्ट वाढवलेला, लीडिंगला ७ नंबर, आणि पेट्रोल पंप पण कमी पडत होता. एकट्या प्लगला फाशी देणार नाही मी, पण साथीदार तो होताच.

बसवताना इंजिन गार पाहिजे. हाउसिंग अॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना पाना लावला तर आट्याच बाहेर येतील. बोटांनी फिरवत आत न्या, बोटं फिरेनाशी झाली की मगच पाना. १३ ते १८ न्यूटन मीटर, बास. ट्रकचे नट आवळायची सवय असलेल्या माणसाला हे काम देऊ नका. वायरी काढायच्या आधी फोटो काढा, कारण लीडिंगची वायर ट्रेलिंगला गेली तर ठिणगीचं टायमिंग उलटंपालटं होतं आणि ते बूस्टमध्ये महागात पडतं.

आता सगळ्यात मजेचं काम, प्लग वाचणं. आपल्याकडं आरएक्स हंड्रेडवाल्यांना हे आईच्या दुधातनं मिळालंय. फुल थ्रॉटल ओढायचं, तसंच क्लच दाबून इंजिन बंद, गाडी बाजूला, प्लग काढून बघायचा. हायवेला असलं काही करू नका, डायनो, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर पळवायचं यंत्र, मिळत असेल तर त्याच्यावर करा, नाहीतर ट्रॅकवर. आयडलवर घरी येऊन काढलेला प्लग फक्त आयडलचीच गोष्ट सांगतो. एफडीच्या डाव्या बाजूला हात घालून खालचा प्लग काढताना मनगट सोलून निघतं, ते धरूनच चाला. चारही प्लग अंड्याच्या ट्रेमध्ये ठेवायचे, पुढचा वर, पुढचा खाली, मागचा वर, मागचा खाली, अशा चिठ्ठ्या लावून. खिशात मिसळले की संपलं.

रंग भुरा, तांबूस, चहाच्या कपात तळाला राहतो तसा, तर उत्तम. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळत असाल तर थोडा गडदच येणार, घाबरू नका. ओला, काळा, चकचकीत, पेट्रोलचा वास, तर प्लग जास्त थंड झालाय किंवा मिश्रण जास्त रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. पांढरा फटक, टोकाच्या कडा गोल झालेल्या, पोर्सेलिनवर फोड आल्यासारखं, तर प्लग तापतोय. रस्सा तांबडा-पांढरा दोन्ही चालतो, प्लग मात्र तांबडाच पाहिजे. आणि जर पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले, मिरपूड भुरभुरल्यासारखे, तर गाडी चालू करू नका. ते डिटोनेशन आहे, आत मिश्रण ठोकतंय, आणि त्याला औषध थंड प्लग नव्हे, बूस्ट कमी करायचा, टायमिंग मागं घ्यायचं, पेट्रोल वाढवायचं. हे ठिपके साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, घड्याळजीचं भिंग घ्या. मी गुजरीतल्या एका सोनारकाकांकडनं जुनं मागून आणलंय. तरी चार दाढांचा प्लग वाचणं अवघडच, म्हणून टर्बो रोटरीत मिश्रण मोजणारा वाइडबँड मीटर पाहिजेच, फुल बूस्टला मिश्रण ११च्या आसपास, म्हणजे वजनानं एक भाग पेट्रोलला ११ भाग हवा. प्लगचा रंग ही दुसरी साक्ष.

अजून एक, आपल्याकडची सवय मोडा. काळा पडलेला प्लग पॉलिश पेपरनं घासायचा, गॅसवर लाल करायचा, फुंकर मारून परत घालायचा, हे आरएक्स हंड्रेडला ठीक आहे. चार दाढांच्या प्लगमध्ये तारेचा ब्रश घातला तर धातूचे कण पोर्सेलिनवर बसतात आणि ठिणगी तिथनंच पळवाट काढते. ओला झालेला वाळवून एखादवेळ घाला घरी पोचायला, पण त्याच्यावर बूस्ट मारू नका.

परवाच भावानं नवा फोटो पाठवलाय. चारी ९ नंबर, २८०० किलोमीटर झालेले. पुढचे दोन सुंदर भुरे, मागचा वरचा पण ठीक, मागचा खालचा मात्र बाकीच्यांपेक्षा जरा फिका. विचारतोय, दादा, तेवढ्या एकाला १० घालू का? मी नको म्हटलं. एकच प्लग वेगळा दिसतोय म्हणजे तक्रार प्लगची नसून त्या रोटरची आहे, मागच्या इंजेक्टरचा फ्लो आधी तपासून घे, तोपर्यंत बूस्ट ०.७ वर ठेव. शुक्रवारी इंजेक्टर उतरवतोय म्हणालाय.